दिवाली पन वलीच हाय

शनिवारी सकाळी तू लोधिवलीच्या थांब्यावर एस्टीची वाट पाहत होतास. तू खाली बसलास. माणसांनी तुला रिक्षात घातलं आणि चौक गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तू गेल्याचं सांगितलं.

मला हे खालापूरच्या ऑफिसात पोचल्यावर कळलं. मी तेव्हा एका प्रिंटरची तक्रार लिहून घेत होते. विलासदादा, प्रिंटरच्या तक्रारी लिहून घेणं हे माझं काम नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. ते काम माझ्याकडे का आलं, हे त्या ऑफिसात दोनच माणसांना माहीत होतं. त्या सकाळपासून एकालाच आहे.

मी नीट रडलेसुद्धा नाही. लोक म्हणाले, मॅडमना धक्का बसलाय. खरं तर मला तुझा राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर रागवायचं कसं हे मला येत नव्हतं. अजूनही येत नाही. म्हणून सावकाश, आठवेल तसं तुला लिहिते आहे.

आपल्या कामाचं नाव बाहेर कुणाला सांगून कळायचं नाही. कर्जतमध्ये शेजारच्या काकू विचारायच्या, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" मी सांगायची, हायवेवरच्या कारखान्यांचे आणि माथेरानच्या हॉटेलांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. प्रत्येक ठिकाणी जाऊन सेटिंग करत बसायला नको म्हणून एक स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी, असते. ती इथून चालवली की सगळीकडची मांडणी एकसारखी होते. कुठल्या यंत्रावर काय करायचं, हे ती यंत्राच्या नावावरून ठरवते. नाव ओळखायला तिला एक साचा दिलेला असतो. त्याला आपण पॅटर्न म्हणतो. काकू म्हणायच्या, "म्हणजे नावावरून माणूस ओळखायचा." मी म्हणायची, तसंच.

हे सगळं तू मला शिकवलंस. मी मराठीत एम.ए. केलेली, मग पोटासाठी कॉम्प्युटरचा डिप्लोमा. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायची. पहिल्याच आठवड्यात तू माझं नाव मास्तरीण ठेवलंस. आणि पॅटर्नमधली ती चिन्हं, जी क्लासमध्ये मी नुसती पाठ केली होती, ती तू मला एस्टीत बसवून दाखवलीस.

"हे बघ मास्तरीण, हा डॉट म्हंजे एस्टीतली रिकामी सीट. कुनीबी बसंल. अ बसंल, ब बसंल, आकडा बसंल. तिथं खरा डॉटच पायजे आसंल तर त्याच्या आधी ही तिरकी रेघ टाकायची. ही रेघ म्हंजे रुमाल. रुमाल टाकला की सीट आपली."

"आणि हे प्रश्नचिन्ह?"

"त्यो पाव्हना. त्याच्या आधीचं अक्षर आलं तर आलं, नाय तर नाय. पंगत चालूच."

रुमाल तू नुसता बोलत नव्हतास. संध्याकाळी खालापूरला गाडी लागली की खिडकीतून तुझा निळा चौकड्यांचा रुमाल आत पडायचा आणि मला बसायला जागा मिळायची. पुढे ऑफिसात तो आपला शब्दच झाला. कुणाची स्क्रिप्ट अडली की तू तिकडून ओरडायचास, "रुमाल टाकला का रं?"

आणि ती दुपार. चौकच्या एका गोदामाचं यंत्र काही केल्या पॅटर्नमध्ये सापडत नव्हतं. नाव बरोबर, अक्षरं बरोबर, तरी स्क्रिप्ट म्हणायची, असं कुणी नाही. मी रडकुंडीला आले होते. तू डबा उघडा ठेवून माझ्याजवळ येऊन बसलास. म्हणालास, "ईचार करू नको. आधी काय काय जुळलं ते छापून बघ. मग का जुळलं ते बघू." आपण एकेक नाव छापलं. गोदामवाल्यांच्या यादीत त्या नावामागे एक रिकामी जागा होती. कुणीतरी टाइप करताना अंगठा लागला असेल. नाव जिथं संपायला हवं तिथं ते संपत नव्हतं, म्हणून शेवटाची खूण त्याला लागू पडत नव्हती. डोळ्याला काही दिसत नव्हतं. तू कर्सर त्या जागेवर नेऊन ठेवलास आणि म्हणालास, "ही बघ. बसलीया गपचीप." तुझी भाकरी तोवर वाळून गेली होती.

ती भाकरी मला आठवते आणि मग मला धड रागावताही येत नाही.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी संपलं नाही. तुला सैल पॅटर्न आवडायचे, मला घट्ट. यंत्रांना गावांची नावं द्यायची हौस तुझी. लोधिवलीच्या कारखान्यातलं यंत्र लोधिवली, कुंभिवलीच्या गोदामातलं कुंभिवली. पण इंग्रजीत लिहिताना आपल्या गावांचं काही ठरलेलं नसतं. कारखान्याच्या पाटीवर एक स्पेलिंग, कुरियरच्या चिठ्ठीवर दुसरं. कुणी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू. मधला ए कुणी लिहितो, कुणी गिळतो. त्यावर तू तोड काढलीस. शेवटी व्ही किंवा डब्ल्यू, मग ए असला तर असला, मग एल आणि आय, आणि तिथं नाव संपलं पाहिजे. म्हणजे वलीवर संपणारं कुठलंही गाव, कुणी कसंही लिहो, पकडीत आलं पाहिजे. तू त्यावर खूश होतास.

मी म्हटलं, "दोनच यंत्रं आहेत. दोन्ही नावं पूर्ण लिहू."

"नावं पूर्ण लिवायची तर पॅटर्न कशाला? उद्या तिसरी वली आली म्हंजे?"

"आली तर तिचं नाव लिहू. कोण आत येतंय ते कळायला नको?"

"तुला समदी माणसं वळखपत्र घिऊन पायजेत," तू म्हणालास.

उन्हाळ्यातल्या त्या शुक्रवारी दुपारी तू माझ्या टेबलाशी आलास. लोधिवली आणि कुंभिवलीच्या यंत्रांवरचं जुनं सगळं काढून नवी मांडणी बसवायची होती. तुझ्या पासवर्डची मुदत संपली होती, माझं लॉगिन उघडं होतं. "जरा सरक," म्हणालास आणि माझ्या खुर्चीत बसलास. मी मागे उभी होते. मी म्हटलं, आधी नुसतं काय जुळतंय ते दाखवायला सांग. स्क्रिप्टला तशी सोय असते, काही न बदलता फक्त सांगायचं की काय बदललं असतं. तू मान न वळवता म्हणालास, "इतकी वर्सं चालवतोय गं." आणि एंटर दाबलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माथेरानहून फोन आला. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस होता. "मॅडम, पाव्हने घोड्यावरनं उतरायला लागलेत आन आमच्याकडं एकाचंबी नाव नाय! समदी बुकिंगं कोरी! मी कुनाला खोली देऊ नि कुनाला नाय?" मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. एक बाई हिंदीत सांगत होत्या की त्यांनी आधीच पैसे भरले आहेत.

आपण दोघं शोधायला बसलो. आधी वाटलं हॉटेलचं नेट गेलं. मग वाटलं डिस्क गेली. हॉटेलांची बुकिंगं आपल्या ऑफिसातल्या ज्या यंत्रावर असायची ते यंत्र चालू होतं, धडधाकट होतं, आणि रिकामं होतं. अर्धी सकाळ गेल्यावर मी तुझंच वाक्य तुला ऐकवलं. आधी काय जुळलं ते छापून बघू. छापलं. पडद्यावर तीन नावं आली. लोधिवली. कुंभिवली. आणि तिसरं नाव तू मोठ्यानं, अक्षरं लावत वाचलंस.

"दि… वा… ली."

ते यंत्र आपण दिवाळीच्या सुट्टीत बसवलं होतं, म्हणून आपण सगळ्यांनी त्याला दिवाळी म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत लिहिताना शेवट डब्ल्यू, ए, एल, आय.

तू खुर्चीत मागे रेललास आणि हसायला लागलास. "अगं, दिवाली पन वलीच हाय की!"

मलाही हसू आलं. खरं सांगते, त्या क्षणी घोड्यावरचे पाहुणे, कोऱ्या खोल्या, सगळं विसरून आपण पोट धरून हसलो. कोडं सुटण्याचा तो आनंद आपल्या दोघांचाच होता. मी म्हटलं, "देवनागरीत लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. लोधिवलीतला ल वेगळा आणि दिवाळीतला ळ वेगळा. इंग्रजीनं दोघांना एकाच अक्षरात बसवलं." तू डोळे पुसत म्हणालास, "मास्तरीण ती मास्तरीणच."

मग तू हसायचा थांबलास. चष्मा काढलास आणि शर्टाला पुसत राहिलास. म्हणालास, "सायबांना आत्ताच काय बोलू नको. सोमवारी मी सांगतो. माजंच हाय ते."

माझंच आहे ते. हे तू म्हणालास, दादा. हे मी ऐकलं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. हॉटेलवाल्यांनी आपल्याकडचं काम काढून घ्यायचं ठरवलं होतं. साहेबांनी पडद्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, हे तुमच्या लॉगिननं चाललंय?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू चहावर फुंकर मारत होतास. मी म्हटलं, "सर, विलासदादा सांगतील काय झालं ते." साहेब तुझ्याकडे वळले. तू कप खाली ठेवलास. म्हणालास, "मी बघतो सर. पुन्ना नाय व्हनार."

बस. एवढंच. तू खोटं बोलला नाहीस. माझं नाव घेतलं नाहीस आणि तुझंही घेतलं नाहीस. खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं की वरिष्ठानं ज्युनियरला पाठीशी घातलं. मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं, इतकं ते छान जमलं होतं.

स्क्रिप्टचं काम माझ्याकडून काढलं. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं.

संध्याकाळी एस्टीत मी विचारलं. रुमाल टाकून तू जागा धरली होतीस, नेहमीसारखी. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तुजं वय हाय. शिकलेली हायस. तुजं नाव पुन्ना व्हईल. मी शून्यातनं उभं केलंय हे समदं. विलासची स्क्रिप्ट चुकत नाय, एवढीच माजी कमाई. ती गेली तर माजं तिथं काय ऱ्हातंय? थोडं थांब. मी सांगनार. सोमवारी सांगतो."

मी थांबले. दुसऱ्या कुणी ते सांगावं असं मला वाटत नव्हतं. मीसुद्धा नाही. ज्यानं मला रुमाल टाकायला शिकवलं त्याच्या तोंडून मला ते ऐकायचं होतं. सोमवार येत राहिले.

दिवाळी आली. ऑफिसात कंदील लावत होतो. तू स्टुलावर दोरी धरून उभा होतास, मी खालून कंदील वर देत होते. शेजारच्या टेबलावरचा प्रकाश ओरडला, "ओ मॅडम, तुमी नका हात लावू! मागच्या टायमाला दिवाळी पुसलीत, आता कंदीलबी जायचा!" सगळे हसले. मी वर पाहिलं. तू दोरीला गाठ मारत होतास. म्हणालास, "जाऊ दे रं. व्हतं कामात कुनाकडनंबी."

तू मला माफ केलंस, दादा. सगळ्यांसमोर, तुझ्या चुकीसाठी, मला. त्या सोमवारचं गप्प राहणं मी समजून घेऊ शकले असते. माणूस घाबरतो. हे समजून घेता येत नाही. मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

शेवटच्या शुक्रवारी गाडीत तू पुन्हा म्हणालास, "सोमवारी सांगतो. नक्की." मी म्हटलं, "तुझा सोमवार म्हणजे प्रश्नचिन्ह आहे. आला तर आला, नाही तर नाही." तू हसलास. "शिकलीस की गं," म्हणालास. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. मला त्यात कौतुक ऐकू येतं आणि मग लाज वाटते की अजूनही मला तुझ्याकडून कौतुकच हवं आहे.

ऑफिसात शोकसभा झाली. तुझा फोटो त्याच टेबलावर ठेवला होता जिथं कंदिलाचा खोका होता. साहेब बोलले. तू किती कष्टानं वर आलास ते त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. मग म्हणाले, "आपल्या ज्युनियरच्या हातून एवढी मोठी चूक झाली, पण विलासनं शेवटपर्यंत तिचं नाव तोंडातून काढलं नाही. अशी माणसं आता कुठं मिळतात?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायेनं. एकीनं माझा हात दाबला. मी मान खाली घातली. ती कृतज्ञतेनं घातली असं सगळ्यांना वाटलं असणार.

तेरावा झाल्यावर मी लोधिवलीला तुझ्या घरी, वहिनींकडे गेले. मनात ठरवून गेले होते की काही बोलायचं नाही, पाच मिनिटं बसून यायचं. वहिनींनी पाणी दिलं आणि आपणच म्हणाल्या, "हे म्हनायचे, आमच्या मास्तरणीचं जरा बगायचंय, सायबांशी बोलायचंय. लई दिस म्हनत व्हते. काय व्हतं ओ ते?"

म्हणजे तू घरी बोलला होतास. म्हणजे सोमवार तुझ्या मनात खरोखर होता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला जास्तच लागलं. जे घरात म्हणता येत होतं ते दोन टेबलं ओलांडून साहेबांना म्हणता आलं नाही.

'कामाचं होतं काहीतरी,' असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्या बाईंनी सरळ विचारलं होतं आणि सरळ विचारणारं माणूस मला किती तरी दिवसांत भेटलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यावर एक आळ आला होता. तो दादांना दूर करायचा होता."

"कशाचा?"

मी सांगितलं. चिन्हं नाही सांगितली. एवढंच सांगितलं की भलत्याच नावाचं यंत्र पुसलं गेलं आणि ते कुणी केलं याबद्दल गैरसमज राहिला.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे चूक ह्यांची व्हती."

"हो."

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता बाहेर येणार नाहीत. चहा घेऊन आल्या. बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मला तरी कुटं सांगितलं त्यांनी? छातीत दुकतंय म्हनून बुदवारपासून कळ सोसत व्हते. मी म्हनलं डाक्टरकडं चला. तर म्हनं, सोमवारी जाऊ." त्यांचा आवाज चढला. "एवडं बोलायला काय झालं व्हतं ह्या मानसाला? तोंड व्हतं ना?"

मग त्या रडल्या. आणि विलासदादा, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. एकाच माणसानं आम्हा दोघींना एकाच सोमवारची वाट बघत बसवून ठेवलं होतं.

निघताना त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुमी सायबांना सांगा. माज्याकडं पाहून गप ऱ्हाऊ नका. त्यांनी मला ईचारलं तर मी नाय म्हननार नाय."

तू ज्या नावाला इतका जपत होतास ते नाव त्या लावतात. तरी त्यांना हे एका चहात जमलं.

मी साहेबांना सांगितलं. दार लावून, उभ्यानंच. शुक्रवारची दुपार, तुझा संपलेला पासवर्ड, माझी खुर्ची, तीन नावं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. पेन टेबलावर आडवं ठेवलं, उभं ठेवलं. म्हणाले, "मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण आता तो उत्तर द्यायला नाही. रेकॉर्डवर आहे ते राहू दे." मी म्हटलं, ठीक आहे. ठीक नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी स्क्रिप्टचं काम माझ्याकडे परत दिलं. कारण सांगितलं नाही. तुझ्यानंतर ते काम येणारी मीच उरले आहे, हेही कारण असू शकतं.

मी तुझी स्क्रिप्ट उघडली. बाकी सगळं सुरेख आहे, दादा. जिथं डॉट हवा तिथं रुमाल आहे. जिथं पाहुणा हवा तिथं पाहुणा आहे. ओळी अशा लिहिल्यास की नवख्यालाही वाचता याव्यात. मी पुष्कळ वेळ नुसती वाचत बसले. तू चांगला शिक्षक होतास. हे मी रागात असतानाही लिहिते, कारण ते खरं आहे. आणि तू माझं नाव जाऊ दिलंस. तेही खरं आहे. कुठलं आधी लिहायचं ते मला ठरवता येत नाही.

भांडणात तू जिंकला असतास की मी, हे आता कळायचं नाही. तू म्हणायचास, सैल ठेवलं की कुणी बाहेर राहत नाही. तुझ्या घरीदारी, गाडीत, ऑफिसात तू तसाच होतास, सगळ्यांना सामावून घेणारा, कुणाशी वाईटपणा न घेणारा. पण वाईटपणा कुणाशीच घ्यायचा नसला की तो कुणाच्या तरी वाट्याला जातोच. मी जवळ उभी होते. मी जुळले.

पॅटर्न मी बदलला आहे. आता तिथे लोधिवली आणि कुंभिवली ही दोन नावं पूर्ण लिहिली आहेत, प्रत्येक स्पेलिंगसह, सुरुवातीची आणि शेवटाची खूण घालून. चालवण्याआधी काय जुळतंय ते मी छापून बघते. दोनच नावं येतात. दिवाळी त्यात नसते.

तिच्या पुसल्या जाण्याच्या नोंदीपुढे माझं नाव आहे.